आमच्या ॲपची ओळख पटवताना

सांगली मार्केट यार्डातले हळद आणि बेदाण्याचे दर रोज दाखवणारं अँड्रॉइड ॲप मी चालवतो. शेतकऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हे पहिल्यापासून ठरलेलं, त्यामुळे सर्व्हरचा खर्च जाहिरातींतूनच निघतो. ॲपमध्ये जाहिराती पुरवणाऱ्या गुगलच्या ॲडमॉब सेवेने जानेवारी २०२५ पासून नव्या ॲपला पडताळणी, म्हणजे ॲप खरंच आपलं आहे हे दाखवणं, सक्तीची केली आहे. ती होईपर्यंत जाहिराती जेमतेमच दिसतात.

ही अट मला पटते. मोबाइलवरची जाहिरातीची जागा क्षणार्धात लिलावात विकली जाते. बोली मागवताना ॲपचा पॅकेज आयडी, म्हणजे त्याचं ओळखनाव, सोबत जातो, आणि तो कुणीही खोटा घालू शकतो. एखादं टुकार टॉर्च ॲप नावाजलेल्या ॲपचा आयडी लावून जागा विकतं. जाहिरातदार फसतो आणि खऱ्या ॲपचं उत्पन्न भलत्याच्याच खिशात जातं. आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सांगलीच्या नावावर दुसरीच हळद खपू नये म्हणूनच ना?

त्यावर ऑनलाइन जाहिरातींचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅब या संस्थेने २०१९ मध्ये उपाय आणला, ॲप-ॲड्स डॉट टीएक्सटी. ॲडमॉबची पडताळणी होते ती यावरूनच. साधी मजकुराची फाइल. प्रत्येक ओळीत जाहिरात यंत्रणेचं डोमेन, तिथला आपला पब्लिशर आयडी (खाते क्रमांक), मग 'डायरेक्ट' (खातं थेट आपलं) किंवा 'रिसेलर' (आपल्या वतीने विकणारा दुसरा), आणि असेल तर त्या यंत्रणेचा प्रमाणन क्रमांक. खरेदीदाराची यंत्रणा प्ले स्टोअरच्या पानावरून डेव्हलपरची वेबसाइट शोधते, ही फाइल वाचते आणि विकणारा यादीत आहे का ते बघते.

ओळ ॲडमॉब तयारच देतं, ती चिकटवायला वेळ लागत नाही. माझं घोडं अडलं ते वेबसाइटवर. फाइल डोमेनच्या अगदी मुळाशी हवी, आतल्या फोल्डरात चालत नाही, आणि आमची साइट ज्या फुकट सेवेवर होती तिथे मुळाशी फाइल ठेवायची सोयच नव्हती. विश्रामबागेतला मित्र म्हणाला, "डोमेन स्वतःचं घे की, उगं कशाला झटतोयस?" घेतलं. गुगलच्या फायरबेस या होस्टिंग सेवेवर साइट हलवली, प्ले स्टोअरवरचा पत्ता बदलला, ब्राउझरमध्ये फाइल उघडते का ते तपासलं. गुगलचा क्रॉलर (वेबसाइट आपोआप वाचणारा प्रोग्रॅम) येऊन जायला किमान चोवीस तास धरावे लागतात. पडताळणी झाल्याची खूण दिसली तेव्हा खरंच हायसं वाटलं.

खोटे क्लिक मात्र या फाइलने थांबत नाहीत, त्यांच्यावर वेगळी नजर ठेवावीच लागते.

पुढे दुसरं जाहिरात नेटवर्क जोडायचं ठरवलं, तर त्यांनी रिसेलरच्या ओळींची लांबलचक यादी पाठवली. बरेच जण ती डोळे झाकून चिकटवतात. मी नाही चिकटवली. यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे आपल्या ॲपची जागा विकायला दिलेली परवानगी असते, म्हणून कोण काय करतं ते त्यांना एकेक करून विचारलं. ज्यांचं समाधानकारक उत्तर आलं, तेवढ्याच ओळी आज फाइलमध्ये आहेत.