संपर्क क्रमांक कोणाचा?

माणसांवरील संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या एका एथिक्स कमिटीत मी सामान्य नागरिक या नात्याने सदस्य आहे. नवीन सदस्यांच्या मागच्या प्रशिक्षणात आम्ही व्याख्यान न ठेवता प्रत्येकाच्या हाती संमतीपत्राचा एक जुना नमुना दिला. अभ्यास कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्याचा होता. मराठी सोपे होते आणि गोपनीयतेची हमी ठळक अक्षरांत छापलेली होती. तळाशी 'संपर्क क्रमांक' असा रकाना होता आणि पुढच्या भेटीची आठवण एसएमएसने दिली जाईल, अशी एक ओळ होती. एका ज्येष्ठ सर्जनना त्यात काहीच खटकले नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या सिस्टर एवढेच म्हणाल्या, "सर, कितीतरी घरांत हा मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो."

मग सर्वांनी तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि सही केलेली प्रत बाई घरी कुठे ठेवणार, हाही प्रश्न पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 सालीच अशा संशोधनासाठी सुरक्षिततेच्या सूचना प्रसिद्ध केल्या होत्या आणि त्यांत सहभागी स्त्रीची सुरक्षितता सर्वांत आधी ठेवली होती. तरीही समितीवर येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या वाचलेल्या असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार समितीत किमान एक स्त्री सदस्य असावी लागते. ही अट हवीच, पण लिंगभावाचा विचार त्या एकटीवर सोपवून बाकीच्यांनी मोकळे होणे मला मान्य नाही. झोपेच्या झोल्पिडेम या औषधाचा स्त्रियांसाठीचा शिफारस केलेला डोस अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये 10 मिलिग्रॅमवरून 5 मिलिग्रॅमवर आणला, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना धोका उद्भवतो. औषध तोवर वीस वर्षे बाजारात होते. म्हणून प्रस्तावात स्त्रिया किती आहेत हे विचारून थांबू नये. निष्कर्ष स्त्री-पुरुषांसाठी वेगळे तपासणार का आणि 'प्रजननक्षम वयातील स्त्रिया वगळून' या ओळीमागे खरोखर वैद्यकीय कारण आहे का, हेही फार्माकॉलॉजीच्या सदस्याने, वकिलाने आणि माझ्यासारखीने सारख्याच जबाबदारीने विचारायला हवे.

त्या दिवशी आम्ही परीक्षण-अर्जात एक ओळ वाढवली: 'दिलेला फोन सहभागी व्यक्तीच्या स्वतःच्या ताब्यात असतो का? नसल्यास संपर्क कसा साधणार?' ती ओळ सर्जननी स्वतःच्या हाताने लिहिली.