मिरची चोळलेला अंगठा

अंगठा चोखणारी मुलं आमच्याकडे बहुतेक करून दातांपेक्षा लाजेपायी आणली जातात. पाहुण्यांत कुणी बोललं, शाळेत कुणी हसलं, की आई-वडील धावतात. वडगावची ही ७ वर्षांची मुलगी आली ती मात्र सुजलेल्या डोळ्यांनी. आजीने रात्री अंगठ्याला मिरची चोळलेली, झोपेत तोच हात डोळ्याला लागला.

"किती सांगितलं तरी ऐकेना की हो, डॉक्टर," आजी रडवेली झाली होती.

दातांआधी मी दोन्ही अंगठे शेजारी ठेवून बघते. डावा शाळेच्या मातीने मळलेला. उजवा धुतल्यासारखा पांढुरका, नखाभोवतीची कातडी फुगलेली, सांध्यावर घट्टा. घरचे म्हणतात, "कधीतरीच घालते." घट्टा कधीतरी चोखून पडत नाही. मग दाढा मिटायला लावल्या. मागे दाढा टेकल्या, पुढे वरच्या-खालच्या दातांत फट राहिली आणि त्यातून जीभ दिसली. अंगठा वरचे दात पुढे ढकलतो, जीभ खाली दबते, गाल दोन्हीकडून आत रेटतात. वरचा जबडा अरुंद होतो. चौथ्या वर्षापर्यंत याची एवढी काळजी नसते, बहुतेक मुलं आपणहून सोडतात. पण ६-७ व्या वर्षी पुढचे कायमचे दात येतात. त्या सुमारास सवय सुटली तर फट बऱ्याचदा आपोआप भरून येते, म्हणून हे वय मला सोडवत नाही.

वरच्या पुढच्या दातांमागे, तालूला तारेची जाळी बसवता येते. दाढांना पट्ट्या चिकटवायच्या, अंगठा टेकायला जागाच ठेवायची नाही. काम चांगलं करते. पण मुलाला विचारल्याशिवाय पहिल्याच भेटीत ती बसवणारे आमच्यात आहेत आणि त्यांचा मला राग येतो. मुलाच्या लेखी मिरची आणि ही तार, दोन्ही शिक्षाच.

म्हणून तिलाच विचारलं, "सोडायचाय का तुला?"

ती म्हणाली, "सोडते. पण मग झोपू कशी?"

आजीकडून हळूहळू कळलं. घरात माग होते, पोरगी त्या खटखटीत वाढली. माग विकले, वडील कामाला गोव्याला गेले आणि जवळजवळ सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात गेला. मागांमुळे की वडिलांमुळे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिरची बंद करायला लावली. रात्री कोपराभोवती इलॅस्टिक बँडेज, अगदी सैल. हात दुमडला की ताण जाणवतो आणि गाढ झोपेत हात आपोआप खाली येतो. ते तिने स्वतः सांगून बांधून घ्यायचं, आजीने सक्ती करायची नाही. झोपायच्या वेळी वडिलांचा फोन. अंगठा कोरडा राहिलेल्या रात्रीची टिकली कॅलेंडरवर तिच्याच हातची.

परवा घट्टा मऊ पडलेला दिसला. फट आहे तेवढीच आहे. पहाटे अजून जातो अंगठा, हे तिनेच सांगितलं. आजी म्हणते, तार बसवून टाका. मुलगी म्हणते, दिवाळीपर्यंत थांबा. मी मुलीचं ऐकलंय.