शकांची लेक, सातवाहनांची सून

पाहुण्यांना नाशिकची पांडवलेणी दाखवायला नेलं की लेणं क्रमांक 3 मध्ये हा प्रश्न हमखास येतो: "सातवाहन राजांनी परक्या शकांना संपवलं म्हणता, मग त्यांचीच मुलगी सून कशी करून घेतली?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

याच लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षात तिने मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून घेतली: त्याने क्षहरातांचा, म्हणजे शकांच्या एका राजघराण्याचा, वंश निःशेष केला, वर्णसंकर थांबवला. हे नुसतं आईचं कौतुक नव्हे. 1906 साली आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपान या क्षहरात राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राचा छाप आहे, नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर ठोकलेला.

पण क्षहरात गेले म्हणून शक गेले नाहीत. उज्जैनला कार्दमकांचं दुसरं शक घराणं उभं राहिलं आणि त्यातला महाक्षत्रप (ही शक राजांची पदवी) रुद्रदामन डोईजड झाला. तेव्हा सोयरीक जुळली. कान्हेरीला पाण्याच्या एका टाक्यावर संस्कृत लेख आहे: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक राजवंशातली, महाक्षत्रप 'रु'ची मुलगी. पुढची अक्षरं तुटलीत. अभ्यासक तिथे रुद्रदामन वाचतात. हा सातकर्णी बहुतेक पुळुमावीचा भाऊ, म्हणजे बलश्रीचाच नातू. आजीने शकांचा निर्वंश मिरवला, नातवाने शकांच्या घरी सोयरीक केली. मला यात ढोंग दिसत नाही. राज्य टिकवायची निकड दिसते.

लढाया काही थांबल्या नाहीत. जुनागढच्या शिलालेखात, इ.स. 150 च्या सुमारास, रुद्रदामन सांगतो: दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा उघड हरवलं, पण नातं जवळचं म्हणून उखडून टाकलं नाही. मुलूख गेला, घराणं वाचलं. ते त्या मुलीमुळे वाचलं असं मी मानते, आणि तिचंच नाव उरलेलं नाही याची मला फार चुटपुट लागते. टाकं देणाऱ्या अमात्य शतेरकाचं नाव आहे. इथे पांडवलेण्यांत लेणं क्रमांक 10 मध्ये नहपानाची मुलगी दक्षमित्रा स्वतःच्या नावाने खोली दान करते. या राणीचं मात्र माहेर कळतं, सासर कळतं, बस्स.

पाय दुखत नसतील तर लेणं क्रमांक 20 पर्यंत चला. महासेनापतीची बायको वासू हिने ते पुरं करून घेतलं. लेखावर राजाचं नाव यज्ञ सातकर्णी, राज्यवर्ष 7. म्हणजे रुद्रदामनकडून हरल्यानंतरही सातवाहन नाशकात होते.