चाकं जमिनीवर टेकल्याशिवाय आर्मचे बोल्ट आवळू नका

आमची पिकअप हंगामात टोमॅटोचे क्रेट वाहते आणि एरवी द्राक्षबागेची खतं-औषधं. गिरणारे, दिंडोरी, नाशिकच्या पंचवटीचं मार्केट यार्ड हा तिचा नेहमीचा फेरा; अधूनमधून कसारा घाट उतरून वाशीला जाते. एवढं काम करणाऱ्या गाडीचे पुढचे बुश झिजणार, यात नवल काही नाही. पण आमच्या भागात नवे घातलेले बुशसुद्धा लवकरच फाटलेले दिसतात, आणि सगळे दोष मालाला देतात. डुप्लिकेट माल बाजारात आहेच. तरी मी खोलून पाहिलेल्या आर्ममध्ये, म्हणजे चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यांमध्ये, बऱ्याचदा बुश चांगल्या प्रतीचा होता. बोल्ट आवळला तेव्हा चाक हवेत लटकत होतं, म्हणून तो गेला.

मी अंबडला कारखान्यात मेन्टेनन्स फिटर होतो. बेअरिंग, बुश, प्रेस यांत माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे यंदा पुढच्या दोन्ही बाजूंचे खालचे-वरचे आर्म आम्ही घरच्या शेडमध्येच उतरवले, पुतण्याला हाताशी घेऊन.

आधी बुश म्हणजे काय ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, आणि मधलं रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट बसते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी चॅसिसच्या ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. आर्म वरखाली होतो तेव्हा आतली नळी बोल्टवर फिरत नाही. फिरायचं सगळं काम रबर करतं, स्वतःला पीळ देऊन. ओला टॉवेल पिळावा तसं ते थोडं पिळलं जातं आणि परत मूळ जागी येतं.

आता गाडी जॅकवर आहे, चाक लटकतंय, आर्म पार खाली झुकलाय, आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळला असं समजा. रबराने तीच आपली मूळ जागा धरली. गाडी खाली टेकवली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या-उभ्याच पिळलेलं राहतं. त्यात भरलेले क्रेट चढले की पीळ आणखी वाढतो, खड्डा आला की आणखी. गाडी रात्रभर दारात उभी असली तरी त्या रबराला आराम नाही. मग ते नळीपासून सुटतं किंवा मधोमध चिरतं.

बुश गेलेत हे ओळखायचं कसं? गतिरोधकावर पुढून 'ठक्' असा कोरडा आवाज येतो. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. ब्रेकचा जोर चाकाला मागे ढकलतो. खालच्या आर्मचा बुश ढिला असेल तर त्या बाजूचं चाक किंचित मागे सरकतं आणि त्याची दिशा बदलते. सपाट रस्त्यावर हे जेमतेम जाणवतं, घाट उतरताना स्टेअरिंग हातात भांडायला लागतं. टायर एका कडेने जास्त झिजतो. यातल्या प्रत्येक लक्षणाला दुसरंही कारण असू शकतं: बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोळ्याचा सांधा), शॉकअप, टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचं टोक). म्हणून आवाजावरून पार्ट विकत घेऊ नका. आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवून बघा. रबर थोडं दबणारच, पण आर्म सैल हलला, आतली नळी एका बाजूला सरकलेली दिसली किंवा रबरातून टॉर्चचा उजेड आरपार गेला, तर तो बुश संपला. बुशवर इंजिन ऑइल गळत असेल तर आधी ती गळती बंद करा. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं. नवा बुशही तिथे टिकत नाही.

खोलण्याआधी आम्ही पहिलं काम मोजण्याचं केलं. गाडी सपाट कोब्यावर उभी करून चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं, दोन्ही बाजूंचं, आणि खडूने भिंतीवर लिहून ठेवलं. ज्या गाडीत कॅम्बरचे (चाकाच्या आत-बाहेरच्या कलाचे) कॅम बोल्ट किंवा शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात, तिथे त्यांची जागा पंच मारून किंवा रंगाने खूण करून ठेवायची. आमच्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहे, म्हणजे कॉइल स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा पोलादी दांडा. त्याच्या ॲडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर दिसतात ते व्हर्निअरने मोजलं आणि मगच ताण सोडला. कॉइल स्प्रिंगची गाडी असेल तर तिथे जास्त सांभाळून. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. खालच्या आर्मला आधार दिल्याशिवाय, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय बॉल जॉइंट सोडायचा नाही. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही. चॅसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावाच.

जुना बुश काढायला कित्येक ठिकाणी गॅसने रबर जाळतात. त्या धुराने छाती भरते आणि आर्म नको तेवढा तापतो. हातोड्याने ठोकलं तर पत्र्याच्या आर्मचे बुश धरणारे कान वाकतात. आम्ही अंबडच्या एका लेथवाल्याकडून दोन नळ्या करून आणल्या: एक बुशच्या बाहेरच्या नळीवर बरोबर बसणारी, दुसरी पलीकडून बुश जिच्यात उतरेल अशी मोठी. दोन कानांच्या मध्ये पाइपचा उभा कापलेला तुकडा अडकवला, म्हणजे प्रेसच्या दाबाने कान आत येत नाहीत. नवा बुश बसवताना दाब फक्त बाहेरच्या नळीवर द्यायचा. रबरावर किंवा आतल्या नळीवर दिला तर चिकटवलेला सांधा तिथेच उखडतो. भोक पॉलिश पेपरने घासून साफ केलं आणि साबणाचं पाणी लावलं. ग्रीस-ऑइल नाही. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते. ती कोणत्या दिशेला होती हे जुना काढण्याआधी आर्मवर कोरून ठेवा.

आर्म परत चढले, टॉर्शन बारचा बोल्ट मोजलेल्या आट्यांवर आला. पुतण्याने पाना हातात घेतला.

"काका, टाकू आवळून?"

"थांब. नुसते हाताने टेकव. आधी चाकं लावू, गाडी खाली घेऊ."

गाडी खाली उतरवली, पुढे-मागे ढकलली, बॉनेटवर जोर देऊन दोन-चारदा दाबली. भिंतीवरचं माप जुळलं का ते पाहिलं. मग खाली आडवं होऊन टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आर्मचे बोल्ट आवळले. किती आवळायचे ते आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजावर सोडू नका. गाडी खाली असताना बोल्टपर्यंत हातच पोचत नसेल तर चॅसिस घोड्यांवर ठेवा आणि खालच्या आर्मला जॅक लावून तो इतका उचला की मडगार्डचं अंतर लिहून ठेवलेल्या मापाएवढं होईल. त्या स्थितीत आवळा. बॉल जॉइंटचे नट मात्र आधी आवळले तरी चालतात, कारण तिथे पिळलं जाणारं रबर नाही.

पॉलियुरेथेनचे बुश घालू का, असं पुतण्या विचारत होता. ते कडक असतात, टिकतातही, पण बहुतेकांत आतली नळी फिरते, म्हणून त्यांना ठरावीक ग्रीस लागतं. नाही मिळालं तर करकरतात. शिवाय रस्त्याचा हादरा जास्त आत पोचवतात. कुंभमेळ्याच्या कामांमुळे जागोजागी खोदलेले रस्ते आणि मागे पिकलेले टोमॅटो, अशा गाडीला मी रबरच देईन.

व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल जुळवणं) त्याच दिवशी करून घेतलं. आर्म उतरले की ते हलतंच, खुणा कितीही नीट केल्या तरी. भरलेल्या गाडीच्या काही खेपा झाल्यावर टॉर्क पाना पुन्हा सगळ्या बोल्टांवर फिरवला. डावीकडच्या वरच्या आर्मचा एक बोल्ट किंचित फिरला, बाकीचे जागेवर होते.