‘आई, मी बोलतोय’: जपानमधली फोनवरची लुबाडणूक

जपानी भाषेच्या वर्गात मध्यंतरी ‘दामाशीतोरु’ हे क्रियापद आलं. दामासु म्हणजे फसवणं, तोरु म्हणजे घेणं. दोन्ही जोडून फसवून पैसे उकळणं, आपल्या भाषेत गंडा घालणं. वाक्यं करायला सांगितल्यावर बहुतेकांनी चोर, पाकीट, गर्दीची लोकल असली वाक्यं केली. सेन्सेईंनी ती सगळी खोडली. पाकीट मारलं तर ती चोरी. दामाशीतोरुमध्ये माणूस स्वतःच्या हाताने पैसे काढून देतो. मग त्यांनी फळ्यावर आपलं वाक्य लिहिलं: ‘मुलगा असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या आईकडून ३० लाख येन उकळले.’ इथल्या बातम्यांत असंच वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की कुणालाच ते पुस्तकी वाटलं नाही.

या प्रकाराचं प्रचलित नाव ‘ओरे-ओरे सागी’. सागी म्हणजे फसवणूक आणि ‘ओरे, ओरे’ म्हणजे ‘अगं मी, मी बोलतोय’. फोन घरच्या लँडलाइनवर येतो. समोरचा नाव सांगतच नाही. आईच विचारते, ‘केन्ता का रे?’ झालं, नाव तिनेच पुरवलं. आवाज वेगळा वाटतोय? सर्दीने घसा बसलाय. नंबर वेगळा? मोबाइल हरवला, हा नवीन सेव्ह कर. पुढच्या फोनला रडकुंडीचा सूर. कंपनीच्या चेकची बॅग ट्रेनमध्ये विसरली, आज दुपारपर्यंत पैसे भरले नाहीत तर नोकरी जाईल, बाबांना सांगू नकोस. मला स्वतःला यायला जमत नाही, ऑफिसमधल्या एकाला पाठवतो, त्याच्याकडे दे.

दारात येणाऱ्या या ‘ऑफिसमधल्या’ माणसाला उकेको म्हणतात. फोन करणारा काकेको, एटीएममधून पैसे काढणारा दाशीको. उकेको बहुतेकदा कोवळी पोरं असतात. सोशल मीडियावर झटपट कमाईच्या जाहिराती पाहून ती यात शिरतात. सुरुवातीलाच ओळखपत्राचा फोटो, घरचा पत्ता घेऊन ठेवलेला असतो. नंतर नको म्हटलं की घरच्यांना इजा करण्याची धमकी मिळते. पकडली जातात तीही हीच पोरं, सूत्रं हलवणारे कित्येकदा परदेशात बसलेले असतात.

हे सगळं वीस वर्षांहून जुनं आहे. २००४ मध्ये पोलिसांनी या गुन्ह्यांना एकत्रित नाव दिलं. २००७ पासून एटीएमवर रोख भरून एका वेळी १ लाख येनपेक्षा जास्त रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पाठवता येत नाही. तेव्हा टोळ्यांनी रोकड घरी येऊन न्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये तोक्यो पोलिसांनी लोकांकडून सूचना मागवून ‘आई, वाचव’ अशा अर्थाचं नवं नावही ठरवलं, पण ते फारसं रुजलं नाही. २०२४ मध्ये अशा गुन्ह्यांत गेलेली रक्कम ७,००० कोटी येनच्या वर होती, म्हणजे अंदाजे ४,००० कोटी रुपये. गुंतवणुकीचं किंवा प्रेमाचं आमिष दाखवून सोशल मीडियावरून उकळलेले पैसे यात धरलेले नाहीत.

मला मनापासून आवडतं ते इथल्या साध्या माणसांनी घातलेलं कुंपण. मी तोक्योला लागून असलेल्या साइतामा प्रांतात राहतो. भूकंपाच्या सूचनांसाठी खांबांवर जे भोंगे बसवलेत, त्यांवरूनच भर दुपारी संथ, तुटक आवाजात घोषणा होते: या भागात मुलगा असल्याचं किंवा पालिकेचा कर्मचारी असल्याचं भासवणारे फोन येत आहेत, पैशांचा विषय निघाला तर फोन ठेवा, पोलिसांना कळवा. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, एखाद्या आजोबांनी भरमसाट रकमेची प्रीपेड कार्डं घेतली की गल्ल्यावरची मुलगी हात थांबवते आणि विचारते, हे कुणी घ्यायला सांगितलं? असे पैसे वाचवणाऱ्या दुकानदारांना पोलीस आभारपत्र देतात. ओसाका प्रांताने तर २०२५ मध्ये ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांनी एटीएम वापरताना मोबाइलवर बोलू नये, असा नियमच केला.

एकदा बँकेत माझ्या पुढे एक आजी होत्या. मोठी रक्कम रोख हवी होती. काउंटरवरच्या बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला, त्यावर प्रश्नच प्रश्न. पैसे कशासाठी? फोनवर कुणी सांगितलं का? ‘बँकेत खरं सांगू नको’ असं कुणी म्हणालं का? आजी वैतागल्या, माझे पैसे आहेत म्हणाल्या. बाई पुन्हा पुन्हा वाकून माफी मागत होत्या, पण कागद काही मागे घेत नव्हत्या. शेवटी आजींनी पर्समधून छोटी वही काढली आणि त्यातल्या मुलाच्या जुन्या नंबरवर फोन लावला. घराची डागडुजी करायची होती, सगळं खरंच निघालं. मागे रांग वाढली होती, तरी कुणी चकार शब्द काढला नाही.

हे तुम्हाला कळकळीने लिहितोय, कारण या सापळ्याला लागतं ते सगळं आपल्या घरांत तयार आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशात, नंबर अनोळखी, वेळ अवेळी, आणि आईबाबांच्या मनात कायमची धास्ती. आता तर आवाजाची नक्कलही करता येते. शिवाय आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’चं भूत आहेच. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉलवरून उठायचं नाही, पैसे ‘तपासणीसाठी’ भरा. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा बसवून सांगा.

आम्ही घरी एक खुणेचा प्रश्न ठरवलाय. पैशांचं नाव निघालं की आई तो विचारणार, मी कितीही रडलो तरी. वाढदिवस, शाळा, कुत्र्याचं नाव असलं काही निवडू नका, ते सगळं फेसबुकवर सापडतं. आणि फोन ठेवून माझ्या जुन्या नंबरवर उलट फोन करायचा, तो लागला नाही तर माझ्या बायकोला.

बाबांशी मात्र वेगळं बोलावं लागलं. इथे कित्येक म्हातारे फसल्यावर मुलांपासून लपवतात, मुलं बोलतील म्हणून. त्यात तास जातात, दिवस जातात आणि पैसे या खात्यातून त्या खात्यात निघून जातात. म्हणून बाबांना सांगितलं, पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग मला. लवकर कळवलं तर रक्कम वाटेतच गोठवता येऊ शकते. आणि मी तुम्हाला एका शब्दाने बोलणार नाही, हे आत्ताच कबूल करतो. बाबांनी १९३० हा आकडा लँडलाइनशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय आणि सोसायटीतल्या जोशीकाकांनाही सांगितलाय, कारण त्यांची मुलगी कॅनडात असते.