आमची वाटचाल: स्टड बनवणं सोडलं तिथून पुढं

आमचं दुकान बेळगावच्या उद्यमबागेत एका जुन्या लेथवर सुरू झालं. अण्णा टर्नर. आजूबाजूला फाउंड्र्या आणि मशीन शॉप, त्यामुळं बार, टूल, ड्रिल कशासाठीच लांब जावं लागत नसे. पंपाचे शाफ्ट, बुश (पोकळ नळीसारखे तुकडे), उसाच्या ट्रॉलीच्या पिना, जे येईल ते करून द्यायचं. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही हा अण्णांचा नियम. त्याच नियमानं आमची एकदा चांगली जिरवली.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं जिप्सी घेऊन जाणारी पोरं तेव्हा आमच्याकडं यायला लागली होती. एकाच्या मागच्या चाकाच्या स्टडचे, म्हणजे ज्यावर चाकाचा नट आवळतात त्या बोल्टाचे, आटे गेलेले. तयार स्टड येईपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. मी साध्या एमएस (माइल्ड स्टील, मऊ पोलाद) बारचा स्टड काढला, डायनं आटे पाडले, ठोकून बसवला. दिसायला अगदी कंपनीचा.

दुसऱ्या आठवड्यात पोरगा रुमालात तीन तुकडे बांधून घेऊन आला. कणकुंबीच्या पुढं चाक डगमगलं होतं. आमचा स्टड ताणला जाऊन लांबला, नट सैल झाला, त्याचा भार शेजारच्या दोघांवर गेला आणि शेवटी तिन्ही तुटले. पाचांतले दोन शिल्लक. “चाक हलायलंय म्हणून थांबलो मिस्त्री, खरं घाट लागला असता तर?” एवढंच म्हणाला. पैसे परत मागितले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. अण्णांनी लेथ बंद केला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

मग आम्ही शिकायला बसलो. चांगल्या स्टडचा ग्रेड 10.9 असतो. त्यातला 10 म्हणजे चौरस मिलिमीटरला 1000 न्यूटनची ताकद आणि 9 म्हणजे तिच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ताणला तरी तो मूळ लांबीवर परत येतो. आमचा एमएस बार जेमतेम चारशेचा. शिवाय कारखान्यात आटे कापत नाहीत, दाबून रोल करतात, म्हणून मुळाशी चिरत नाहीत. हे लेथवर होणारं काम नव्हे. टर्नरला हे मान्य करायला जड जातं. आम्हाला गेलं.

त्या दिवसापासून स्टड तयारच आणतो. एक तुटला असेल तर त्या चाकाचे सगळे बदलतो, कारण उरलेल्यांनी किती ओढ सोसली ते डोळ्यांना दिसत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

बसवण्याची आमची पद्धत सांगतो. ब्रेकचा ड्रम काढायचा, जुना स्टड प्रेसनं मागं ढकलायचा. हातोडा मारायचा नाही, धक्का बेअरिंगला बसतो. नवा स्टड मागून घालून त्याचे दाते हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, जुन्या खाचांत बोटानं चाचपून बसवायचे. पुढून बुश, दोन वॉशर, वॉशरांच्या मध्ये थेंबभर ग्रीस, मग जुना नट. पाना फिरवत राहायचं, नट स्टडला ओढून घेतो. स्टडचं डोकं हबला टेकलं की हाताला एकदम जड लागतं, तिथंच थांबायचं. ओढायला वापरलेला नट भंगारात. हबचं भोकच मोठं होऊन स्टड जागेवर फिरत असेल तर वेल्डिंग करून द्या म्हणणारे पुष्कळ येतात. आम्ही देत नाही. उष्णतेनं स्टडचा पाणी दिलेला कडकपणा जातो. हबच बदलावा लागतो.

लोकांना वाटतं स्टड जंगलातल्या दगडांनी तुटतात. आमच्याकडं येणारे बहुतेक स्टड सपाट जागेवर, पंक्चर काढताना बिघडलेले असतात. नट दोन फेरेही हातानं न लावता थेट नट आवळायची गन लावायची, आटे चढले एकावर एक की झालं. दुसरं कारण आपली तांबडी माती. चिखल वाळून चाक आणि ड्रमच्या मध्ये पापुद्रा धरतो. त्याच्यावरच नट आवळले की त्या वेळी घट्ट वाटतात, मग वाटेत माती चुरून बाहेर पडते आणि नट सैल. म्हणून आमच्याकडं चाक चढवण्याआधी तारेचा ब्रश फिरतो. आट्यांना तेलही चोपडत नाही, कारण तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे पिळायच्या जोराला, स्टड जास्त ताणला जातो.

जुन्या विलीज जीपनं एकदा आमच्या नव्या पोराला घाम फोडला. डावीकडचे नट सुटेनात, पोरगं पाईप लावून लोंबकळलं. त्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकाला L कोरलेलं होतं, फक्त चिखलाखाली. एक स्टड त्याच्या हातून गेला, तो आमच्या खर्चानं बसवला.

आता खानापूर, निपाणीकडूनही थार आणि जिप्स्या येतात. काम झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून परत या, टॉर्क रेंचनं नट तपासून देतो, पैसे नाहीत, असं प्रत्येकाला सांगतो. दहांतले दोघं-तिघं येतात. रुमालवाला तेवढा दर वेळी येतो.

लेथ अजून जागेवर आहे. त्यावर आता स्टड ओढायच्या बुश तेवढ्या होतात.