ट्रेलर मागे लावून सॅन वान स्कायवे: दिशा कुठली धरायची आणि ट्रेलर कुठे ठेवायचा

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, अमेरिकेत कोलोरॅडोमधला सॅन वान स्कायवे हा डोंगरातला गोल रस्ता करून आलो. पिकअप आणि मागे २२ फुटी कॅम्पर ट्रेलर. डुरँगोहून निघून सिल्व्हर्टन, यूरे, रिजवे, टेल्युराइडच्या बाजूने खाली कॉर्टेझ आणि परत डुरँगो, असा साधारण २३६ मैलांचा गोल आहे. नुसती गाडी असेल तर एका दिवसात होतो पण ट्रेलर असेल तर पाच दिवस तरी हाताशी ठेवा, आम्हाला सहा लागले आणि तेही कमीच वाटले.

आधी दिशेचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. सिल्व्हर्टन ते यूरे हा ५५० नंबरच्या हायवेचा तुकडा, मिलियन डॉलर हायवे म्हणतात तो, फार तर २५ मैल. यूरेच्या जवळ अनकम्पाग्रे नदीची खोल घळ आहे आणि तिथे कठडा बऱ्याच ठिकाणी नाहीच, हिवाळ्यात बर्फ कडेने खाली ढकलायला जागा लागते म्हणून. आता डुरँगोकडून वर गेलात तर तुमची लेन डोंगराकडची, आणि यूरेकडून आलात तर दरीकडची. आरशात ट्रेलरचं चाक पांढऱ्या रेषेवर दिसत असताना बाजूला काहीच नाही हे मला तरी झेपलं नसतं, त्यामुळे आम्ही डुरँगोहूनच सुरुवात केली आणि ट्रेलर असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगेन.

वाटेत तीन खिंडी लागतात, कोल बँक, मोलास आणि मग रेड माउंटन, ही शेवटची ११,०१८ फुटांवर. चढताना गाडी दमते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे माथ्यावर जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. घाबरू नका, गिअर खाली टाका, हळू चला आणि मागे गाड्या साचल्या की बाजूला जागा दिसेल तिथे थांबून त्यांना जाऊ द्या.

खरी परीक्षा उतारावर. माथ्यापासून यूरेपर्यंत तेरा-चौदा मैलांत सव्वातीन हजार फूट खाली यायचं आणि वळणांवर ताशी १०-१५ मैल वेगाच्या पाट्या. माथ्यावरच टो-हॉल मोड (ओझं ओढताना वापरायची गिअरची सेटिंग) लावला, दुसऱ्या गिअरमध्ये आलो आणि वेग इंजिनला धरू दिला. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, एकदा नीट दाबून वेग खाली आणायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. मध्ये दोनदा थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने ट्रेलरचे चारही हब (चाकांचे मधले भाग) किती तापलेत ते तपासलं, दुसऱ्या थांब्यावर ट्रेलरचं डावं मागचं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम निघालं तेव्हा वीस मिनिटं तिथेच बसून राहिलो. ट्रेलरचे ब्रेक निघण्याआधी ऍडजस्ट करून घेतले असते तर ही वेळ आली नसती, तुम्ही घ्याच.

तसंच वजन. भरलेला ट्रेलर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर एकदा चढवा, अंदाजावर राहू नका. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जागी, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा, कमी असेल तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो. हलला तर पिकअपचा ब्रेक जोरात मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडीतल्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरने, हाताने, फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. पाण्याची टाकी आम्ही चढताना पाव भरलेलीच ठेवली, एक गॅलन म्हणजे आठ पौंडांच्या वर, ४० गॅलन उगाच डोंगरावर न्यायचं कशाला.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्ही पहिल्या संध्याकाळी चूक करून शिकलो. नॅव्हिगेशन ऍपने कॅम्पकडे जायला जवळचा म्हणून एक कच्चा रस्ता दाखवला, पुढे तो इतका अरुंद झाला की वळवायला जागाच नाही, अंधार पडत आलेला, आणि तीनशे मीटर रिव्हर्स घ्यावा लागला, बायको मागे टॉर्च आणि वॉकीटॉकी घेऊन चालत होती. तिच्यामुळे निभावलं. तेव्हापासून नियम केला, ट्रेलर फक्त डांबरी रस्त्यावर न्यायचा आणि कॅम्पकडचा शेवटचा तुकडा कच्चा असेलच तर तो आधी ट्रेलर सोडून नुसत्या गाडीने बघून यायचा. नॅशनल फॉरेस्टचे कुठल्या रस्त्यावर कुठलं वाहन चालतं ते दाखवणारे नकाशे फुकट मिळतात, ते फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, वर रेंज नसते.

म्हणून पुढचे तीन दिवस ट्रेलर रिजवे स्टेट पार्कमध्ये उभा ठेवला. तिथे विजेची जोडणी आहे, जागा मात्र बऱ्याच आधी बुक करा. तिथून रिकामी पिकअप घेऊन टेल्युराइडला आणि लास्ट डॉलर रोडला गेलो. तो कच्चा रस्ता आहे, ट्रेलर न्यायचा विचारसुद्धा करू नका, पण अस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली आणि मागे बर्फाची शिखरं. मुलगी गाडीतून उतरून रस्त्यातच उभी राहिली, बराच वेळ काही बोललीच नाही.

रात्री गोठवणारी थंडी असते, बाहेरचा पाण्याचा पाइप झोपण्याआधी काढून रिकामा करा. गॅसवरचा फ्रिज सिल्व्हर्टनला दोनदा विझला, विरळ हवेत ज्योत टिकत नाही, वीज असेल तिथे विजेवरच चालवा.

परतीचा लिझर्ड हेड खिंडीवरून १४५ नंबरचा रस्ता मात्र सोपा, उतार सौम्य आणि पुढे डोलोरेस नदी सोबतीला. या दिवसांत बर्फ कधीही पडतो, रोज सकाळी निघण्याआधी कोट्रिपवर (कोलोरॅडोच्या रस्त्यांची सरकारी वेबसाइट) रस्त्याची स्थिती बघा आणि रेड माउंटनवर बर्फ दाखवत असेल तर डुरँगोतच एक दिवस थांबा, त्यासाठी एक जास्तीचा दिवस हाताशी ठेवायचा.